बुधवारची शर्यत आणि रोजचा कुकर

प्रश्न: आम्ही दोघं मेरीलँडमध्ये, ॲनापोलिसच्या जवळ राहतो. माझा नवरा गेले तीन उन्हाळे बुधवार संध्याकाळच्या शर्यतींत दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढायला जातो. आता स्वतःची शिडाची बोट घ्यायची, निदान दोन वर्षं तिच्यावरच राहायचं, सुट्टीत चेसापीक उपसागरात भटकायचं आणि बुधवारी शर्यत करायची असं ठरतंय. दोन बोटी नजरेत आहेत: १९८४ ची कॅटलिना ३० आणि १९८२ ची जे/३०. दोन्ही तीस फुटी, फायबरग्लासच्या, किंमत पंधरा हजार डॉलरच्या आसपास. त्याचं मन जे/३० वर आहे. मला कॅटलिनात पाय ठेवल्यावर घरात आल्यासारखं वाटलं. कोणाचं ऐकावं? (मी एच-१बी वर आहे, त्याने काही फरक पडतो का?)
— ओट्याच्या शोधात, मेरीलँड

उत्तर: तुमचं ऐका. कॅटलिना घ्या, पण हीच कॅटलिना तपासणीत टिकली तर. काय तपासायचं ते पुढे सांगतो.

तरी तुमच्या यजमानांचं काहीच चुकत नाही असा निम्मा भाग आधी सांगायला हवा. कागदावर या दोघी सख्ख्या बहिणी वाटतात. पाण्यातली लांबी दोघींची २५ फूट. साधी खोल कील, म्हणजे तळाखालचा जड पंखा, असेल तर दोघींना ५ फूट ३ इंच, म्हणजे १.६ मीटर पाणी लागतं. शिडाचं क्षेत्रफळ दोघींचं ४४५ चौरस फुटांच्या आगेमागे. फरक आहे तो वजनात. फ्रँक बटलर यांची कॅटलिना १०,२०० पौंडांची, त्यातलं ४,२०० पौंड कीलमधलं शिसं. रॉड जॉनस्टन यांची जे/३० सुमारे ७,००० पौंडांची आणि तिच्यात शिसं २,१००. म्हणजे तेवढ्याच शिडांना जवळजवळ दीड टन ओझं कमी. जुलैमध्ये चेसापीकवर धुरकट ऊन पडतं आणि वारा पाच-सहा नॉटच्या (तासाला तेवढ्या सागरी मैलांच्या) वर जात नाही, तेव्हा जे/३० पुढे सरकत राहते आणि कॅटलिनावाला इंजिनाची चावी शोधायला लागतो. हळू बोटीला वेळेची सवलत देणाऱ्या पीएचआरएफ या हँडिकॅप पद्धतीत दोघींमध्ये मैलाला साधारण ४० सेकंदांचं अंतर धरतात. सहा मैलांच्या शर्यतीत ती चार मिनिटं होतात. वारा वाढला की हे अंतर आकसतं, कारण पाण्यातली लांबी सारखीच असल्याने दोघींची तरंगती वेगमर्यादा साधारण ६.७ नॉटच येते. तरी वाऱ्याच्या तोंडाकडे चढत जाताना जे/३० तेव्हाही सरसच राहते.

हे सगळं रिकाम्या बोटीचं गणित झालं. घर झालेली बोट रिकामी नसते. दोन माणसांचे चार ऋतूंचे कपडे, पाणी, हत्यारांची पेटी, जादा नांगर आणि साखळी, दोन लॅपटॉप, डाळ-तांदूळ, हिटर, बॅटऱ्या हे सगळं मिळून ७०० किलोंचा हिशेब सहज होतो. कॅटलिनासाठी हे तिच्या वजनाच्या १५ टक्के, जे/३० साठी २२ टक्के. या आकाराची बोट साधारण ४०० किलोंना एक इंच खाली बसते, म्हणजे जवळपास दोन इंच दोघीही बसतील. पण जे/३० चे पैसे ज्या हलकेपणासाठी मोजायचे, तोच हलकेपणा तुम्ही पहिल्या महिन्यात लोणच्याच्या बरण्यांखाली दाबून टाकाल. आणि हँडिकॅप ठरवणारी समिती लोणच्याला सवलत देत नाही.

दुसरी गोष्ट शिशाची. कॅटलिनाच्या वजनात ४१ टक्के शिसं आहे, जे/३० मध्ये ३० टक्के. उरलेली कसर जे/३० माणसांनी भरून काढते: शर्यतीत सहा-सात जण वाऱ्याकडच्या काठावर पाय सोडून बसतात, तेव्हाच ती ताठ राहते. शनिवारी तुम्ही दोघंच निघालात आणि दुपारी वारा १८ नॉटवर गेला की ती कॅटलिनाच्या बरीच आधी कलायला लागेल. मग शीड लवकर आखडायचं. ते जमतं, पण दर वेळी हलणाऱ्या डेकवर कोणी तरी पुढे जायचं असतं.

आणि बुधवारी काय होतं ते तुमच्या यजमानांना ठाऊकच आहे. ओल्या बुटांची सहा माणसं येणार. ओला स्पिनाकर, म्हणजे फुग्यासारखं पुढचं शीड, डेकवरच्या पुढच्या झडपेतून खाली ओढला जाणार आणि तो नेमका तुमच्या अंथरुणावर पडणार. शर्यतीआधी दर वेळी टेबलावरचं सगळं, कुंड्या, हिटर आणि किनाऱ्याच्या विजेची केबल उचलून गोदीवर ठेवायची, रात्री नऊला परत आत भरायची. एप्रिलअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत वीसेक बुधवार येतात. पहिल्या तीन बुधवारी मौज वाटेल. ॲनापोलिसला जे/३० चा ताफा आजही शर्यतींत उतरतो, आणि चांगल्या हाताची गरज त्या बोटींना कायम असते. म्हणून यजमानांनी बुधवारी दुसऱ्याच्या जे/३० वर जावं. शिडांचा खर्च त्या मालकाचा, भिजलेली गादीही त्याचीच. शिवाय कॅटलिनालाही पीएचआरएफच्या क्रूझिंग वर्गात तिच्या हँडिकॅपवर उतरता येतंच. तळ स्वच्छ असेल आणि जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, फार लोंबलेली नसेल तर मधूनमधून बक्षीसही मिळतं.

जे/३० बद्दल खरी भीती वेगळीच आहे. तिचा सांगाडाच (हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच) सँडविच आहे: बाहेर आणि आत फायबरग्लासची पातळ कातडी, मध्ये बाल्सा लाकडाचा गाभा. गाभा असणं हा दोष नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवूनच केली आहे, आणि कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले. दोष असतो तो भिजलेल्या गाभ्यात. चाळीस वर्षांत एखाद्या मालकाने मासे शोधणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवायला तळाला भोक पाडलं आणि भोकाच्या कडेचा बाल्सा काढून तिथे एपॉक्सी भरलं नाही, की पाणी आत शिरून हळूहळू पसरतं. कठड्याच्या खांबांचे बोल्ट, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या), विंचेस (दोऱ्या ओढायचे रहाट) या सगळ्या जागा संशयाच्याच. डेकवर ताटाएवढा भाग भिजला असेल तर तो उघडून नवा गाभा घालता येतो. पाण्याखालच्या तळाचा मोठा पट्टा भिजला असेल तर दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीला गिळतो, आणि विकताना कोणी घेत नाही.

तरीही यजमान हट्टाला पेटले तर जे/३० ची तपासणी अशी करवून घ्या. बोट पाण्याबाहेर काढून निदान दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्या; नुकत्याच बाहेर आलेल्या तळावर ओलावा मोजणारं मीटर नेहमीच चढे आकडे दाखवतं, आणि तांब्याचा तळरंगही त्याला फसवतो. म्हणून सर्वेयरने, म्हणजे बोट तपासणाऱ्या जाणकाराने, जागोजागी हातभर रंग खरवडून वाचन घ्यावं आणि प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जावं. सुका गाभा टणटण वाजतो, भिजलेला बद्द. मीटर आणि हातोडी दोन्ही एकाच जागी वाईट बोलले तरच वाईट समजायचं. प्रत्येक थ्रू-हलभोवती, म्हणजे कवचातून आरपार गेलेल्या नळाभोवती, वीतभर गोल मात्र चुकवू नये. हे सगळं स्वच्छ निघालं आणि तुमचा मुक्काम जमिनीवर असता, तर सल्ला उलटा दिला असता.

कॅटलिनाचा सांगाडा भरीव फायबरग्लासचा आहे. जुनी बोट घेणाऱ्याला ही मोठी सोय. तिच्या डेकमध्ये मात्र लाकडी गाभा आहे, तेव्हा हातोडी तिथेही चालवायची. आणि तिची स्वतःची दुखणी ठरलेली आहेत. सहा हजारांहून जास्त कॅटलिना ३० बांधल्या गेल्या, त्यामुळे ती जगजाहीरही आहेत.

पहिलं दुखणं ‘कॅटलिनाचं हसू’. कीलची पुढची कड जिथे तळाला भिडते तिथे हसऱ्या ओठासारखी भेग दिसते. नुसता भरावा तडकला असेल तर किरकोळ. पण त्या काळच्या बोटींत कील जिथे लटकते त्या ठोकळ्याच्या आत प्लायवुडचे थर घातले होते. बोल्टांच्या भोकांतून बिल्जचं, म्हणजे बोटीच्या पोटातल्या सर्वांत खालच्या खळग्यातलं, पाणी त्यात मुरलं की लाकूड मऊ पडतं, नट आवळले की वॉशर त्यात रुततात, आणि वर्षभरात बोल्ट परत ढिले. बिल्ज पूर्ण कोरडं करून नट पाहा. वॉशर खाली दबलेला, नटाभोवती तपकिरी पाणी झिरपतंय, किंवा दाबून पाहताना तळ मऊ लागतो: यातलं एकही दिसलं तर विक्रेत्याच्या परवानगीने लहानसं भोक पाडून भुसा पाहायचा. पांढरा कोरडा भुसा चालेल. काळा ओला गाळ आला तर आतलं लाकूड खोदून काढणं, थरावर थर फायबरग्लास भरणं आणि मग बोट कीलवर टेकवून नट आवळणं आलं. स्वतः केलं तर दोन-तीन आठवडे घाम गाळायचा. यार्डकडून केलं तर तेवढी किंमत आधीच उतरवून मागायची. भुसा काढलेलं भोक तपासणी झाल्यावर एपॉक्सीने बंद करायला विसरू नका.

दुसरं दुखणं डोलकाठीच्या पायाचं. कॅटलिनाची डोलकाठी डेकवर उभी असते, तिचा भार खाली केबिनमधला खांब पेलतो आणि खांबाखाली बिल्जमध्ये लाकडाचा ठोकळा असतो. तो कुजला की डेक डोलकाठीखाली बशीसारखा खचतो, तारा सैल पडतात, आणि न्हाणीघराचं दार अडकायला लागतं. म्हणून दाराकडे नीट पाहा. कोणी त्याची वरची कड तासलेली दिसली तर ठोकळा कुजल्याचा संशय पक्का धरा.

चेनप्लेटच्या खाली, बल्कहेडच्या (बोटीतल्या आडव्या भिंतीच्या) प्लायवुडवर काळे ओघळ दिसतात का? सुई टोचून बघा. हे दोन्ही बोटींना लागू. डोलकाठीच्या तारांचं वय विचारा. पंधरा-वीस वर्षांहून जुन्या असतील तर बदलण्याचे काही हजार डॉलर किमतीच्या बोलणीत आणा.

इंजिन युनिव्हर्सलचं डिझेल असेल. त्याचा गाभा कुबोटाचा, म्हणजे ट्रॅक्टरवालाच, त्यामुळे बरेच सुटे भाग परवडतात. पाटीवर अश्वशक्ती वाचा. त्या वर्षांच्या बोटींत ११ पासून २१ पर्यंत सापडतात, आणि साडेचार टनांची बोट समोरच्या वाऱ्यात आणि ओहोटीत ११ वर रडते. इंजिनामागे आणि पॅनलच्या पाठी वायरिंगचा एक बहुपिनी प्लग असतो. त्यातून अल्टरनेटरचा सगळा प्रवाह अँमीटरपर्यंत जाऊन परत येतो. गंजला की तापतो आणि वितळतो. सिगारेटच्या लायटरची जागा जशी करपलेली दिसते तसा दिसला तर तो कापून टाकून तारा थेट जोडायच्या आणि अँमीटरऐवजी व्होल्टमीटर लावायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. समुद्राच्या पाण्याच्या झडपा बागेतल्या नळासारख्या गोल चाकाच्या पितळी असतील तर पहिल्याच हंगामात काढून ब्राँझच्या घाला. खारं पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं, उरतं ते गुलाबीसर ठिसूळ तांबं, आणि असा नळ नेमका बंद करायच्या क्षणी हातात येतो.

आता ओटा. कॅटलिनाचं स्वयंपाकघर एल आकाराचं आहे, त्यात कंबर टेकवून उभं राहता येतं, आणि डोक्यावर साधारण सहा फूट तीन इंच जागा मिळते. जे/३० मध्ये यजमान सहा फुटी असतील तर भाजी चिरताना मान वाकवतील. त्या काळच्या बोटींत अल्कोहोलची शेगडी असायची. अजून तीच असेल तर पहिल्या आठवड्यात काढा: आच मंद, त्यामुळे कुकरची पहिली शिट्टी यायला युग लागतं, आणि ज्योत दिवसा दिसत नाही. गोदीवर उभ्या बोटीत इंडक्शन उत्तम. प्रोपेन लावायचा तर सिलिंडर वेगळ्या, हवाबंद कप्प्यात, त्या कप्प्याची नळी थेट बाहेर उतरलेली आणि शेगडीजवळून बंद करता येणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) हवाच; हा वायू हवेपेक्षा जड, गळला की बिल्जमध्ये जाऊन थांबतो. तो हुंगणारा सेन्सर म्हणूनच खाली बिल्जमध्ये बसवायचा. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म वेगळा, झोपायच्या जागेजवळ. फोडणी वरची झडप उघडून, वारा पुढून मागे येत असताना द्या. नाहीतर हिंगाचा वास पुढच्या गाद्यांत महिनाभर राहतो आणि स्वेटरांतून ऑफिसपर्यंत पोचतो.

हिवाळा हा तुमच्या योजनेतला सर्वांत कमी विचार झालेला भाग दिसतो. तुम्ही वाटाघाटी करताय मे महिन्याच्या बोटीशी, राहणार आहात जानेवारीच्या बोटीत. इथे एक गुण जे/३० च्या पदरात जातो: बाल्साचा गाभा उष्णता धरून ठेवतो, तर कॅटलिनाची भरीव भिंत थंडीत आतून घामेजते. गाद्यांखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, कपाटं उघडी ठेवा, ओलावा शोषणारं यंत्र सतत चालू. एसीच्या उलट्या फेऱ्यावर चालणारी उष्णता बोटीखालचं पाणी साधारण ४ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की काम सोडते. मग विजेचे हिटर. पण हिशेब करून: १५०० वॅटचा एक हिटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, दोन म्हणजे २५. केबल ३० अँपिअरची असली तरी सतत २४ च्या वर ओढू नये. दोन हिटर आणि इंडक्शन एकदम लागले की आधी बोटीच्या बाजूचा प्लग करपतो, फ्यूज नंतर उडतो. दर महिन्याला प्लग काढून पिना पाहायच्या; तपकिरी दिसल्या की दोन्ही बाजू बदला. गोदीवरच्या पाण्याचे नळ बऱ्याच ठिकाणी गोठतील म्हणून बंद करतात, तेव्हा जागा घेण्याआधीच विचारा: पाणी कुठून, शौचालय-शॉवर हिवाळ्यात उघडं का, आणि मुळात बोटीवर राहायला परवानगी आहे का. अनेक मरिनांत (बोटी लावायच्या तळांत) ती मर्यादितच असते.

संडासाच्या टाकीचं मापही विचारा. दोन माणसं, दिवसाला दहा वेळा, दर वेळी दीड लिटर: ७० लिटरची टाकी पाचव्या दिवशी भरते. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत ती पाण्यात सोडायला अमेरिकेत बंदी आहे, आणि चेसापीक सगळा त्या हद्दीतच येतो. म्हणून किनाऱ्यावरच्या न्हाणीघराचं अंतर पावलांनी मोजा. रात्री दोनला, बर्फात चालायचं आहे हे धरून.

भटकंतीसाठी कीलची खोली निर्णायक. चेसापीकची सरासरी खोली जेमतेम २१ फूट. टिलघमन बेटाजवळच्या नॅप्स नॅरोजसारख्या वाटा गाळाने भरत राहतात. कॅटलिनात ४ फूट ४ इंचांची उथळ कीलही मिळायची. ही बोट त्यातली असेल तर शर्यतीत थोडी मागे पडेल, पण कितीतरी जास्त खाड्यांत रात्र काढता येईल. उन्हाळ्यात खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर इंजिनाच्या पंख्यात अडकतात, तेव्हा डायव्हिंगचा चष्मा आणि दातेरी सुरी हाताशी ठेवा. ऑगस्टमध्ये जेलीफिशमुळे उतरताना अंगभर कपडे घाला.

एच-१बी ने फरक पडतो, पण थोडाच. तटरक्षक दलाकडची केंद्रीय नोंदणी फक्त अमेरिकी नागरिकांच्या बोटींना मिळते. विकणाऱ्याची बोट तशी नोंदलेली असेल तर ती नोंद रद्द झाल्याचा कागद त्याच्याकडून घ्या आणि मेरीलँड राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, काढा. राज्याला नागरिकत्वाशी कर्तव्य नाही, ५ टक्के करात मात्र आहे. त्या जुन्या नोंदीत बोटीवर कोणाचं कर्ज उरलं आहे का तेही आधी पाहून घ्या. विमा कंपनीला बोटीवर राहणार हे लेखी सांगा. न सांगता घेतलेला विमा ऐन वेळी हात वर करतो.

आता क्रम. मागितलेल्या किमतीपेक्षा कमी बोली लावा, दहा टक्के अनामत द्या, आणि करारात लिहून घ्या की सर्वेक्षण, पाण्यातली फेरी आणि विमा या तिन्हींवर तुमचं समाधान झालं नाही तर अनामत परत. सर्वेयर तुम्ही निवडायचा, विक्रेत्याने सुचवलेला नको. फुटाला साधारण २५ डॉलर आणि बोट वर काढण्याचा खर्च वेगळा. फेरीच्या दिवशी विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन तापवून ठेवू नका. थंड इंजिन किती वेळा चावी फिरवल्यावर जागं होतं आणि कुठल्या रंगाचा धूर सोडतं ते तुम्हाला पाहायचंय. आणि तुमचा पाच लिटरचा कुकर बरोबर न्या. शेगडीच्या कठड्यात तो बसतो का, झाकण उघडताना वर आपटतं का, ते तिथेच कळेल.